रंग नेमका कुठे बिघडला? कॉम्बो बदलण्याआधीची तपासणी

तपासायला आलेल्या फोनच्या तक्रारी तीन होत्या. स्क्रीन अधूनमधून, बहुतेक संध्याकाळनंतर, पूर्ण कृष्णधवल होते. रात्री ब्राइटनेस खाली आणला की गडद करड्या जागा हिरवट दिसतात. आणि काही व्हिडिओ सुरू केले की स्क्रीन काळी पडते, बूट ॲनिमेशन फिरतं आणि फोन लॉक स्क्रीनवर परत येतो. फोन अँड्रॉइड १३ वर, १२० हर्ट्झचा ॲमोलेड पॅनेल, स्क्रीन कंपनीने बसवलेली तीच. एका दुकानात 'कॉम्बो (काच आणि डिस्प्लेचा एकत्र भाग) गेला' म्हणून नव्या डिस्प्लेचा भाव सांगितला होता, दुसरीकडे फॅक्टरी रीसेटचा सल्ला मिळाला होता.

तिन्ही तक्रारी रंगाच्या असल्या तरी त्यांचं मूळ एकच असेल असं धरून चालणं ही पहिली चूक ठरते. ॲपने सांगितलेला रंग पिक्सेलपर्यंत पोचायला बराच प्रवास करतो. ॲप आपली चित्रं तयार करतं. सरफेसफ्लिंगर नावाची सिस्टीम प्रोसेस सगळ्या ॲप्सचे थर गोळा करते. ते एकमेकांवर रचण्याचं काम हार्डवेअर कंपोझर डिस्प्ले प्रोसेसरकडून करून घेतो, नाहीतर ते जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, पडतं. रंगाचे फेरफार इथेच लागू होतात. मग फ्लेक्सच्या पट्टीतून डेटा पॅनेलच्या ड्रायव्हर चिपकडे जातो आणि ती प्रत्येक उपपिक्सेलला (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्याला) किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवते. बिघाड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत स्क्रू उघडायचा नाही आणि रीसेटही करायचा नाही.

सुरुवात चाचणीच्या चित्रांनी केली. फोनच्या रिझोल्यूशनची, म्हणजे इथे १०८० बाय २४०० ची, पीएनजी चित्रं लॅपटॉपवर बनवली: शुद्ध लाल, शुद्ध हिरवं, शुद्ध निळं, पांढरं, आणि २५५ पैकी १३, २६, ५१ व १२८ या पातळ्यांचं करडं. म्हणजे अंदाजे ५, १०, २० आणि ५० टक्के. चित्रं केबलने फोनमध्ये टाकली. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेलं चित्र दाबून जेपीईजी होतं, त्यात गडद करड्या पातळ्या सरकतात आणि मग आपण पॅनेलचा नव्हे तर कॉम्प्रेशनचा दोष मोजत बसतो. तुलनेला शेजारी एक धडधाकट फोन ठेवला, दोन्हींचा ऑटो ब्राइटनेस बंद. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने स्क्रीनचा फोटो काढून रंग ठरवू नये, कारण कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हिरवट छटा गिळून टाकतो किंवा नसलेली दाखवतो. फोटो काढायचाच असेल तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ६५०० केल्व्हिनला बांधून काढावा.

पहिली तक्रार दिसत असतानाच लाल, हिरवं आणि निळं चित्र उघडलं. तिन्ही करडी दिसली, पण सारखी करडी नव्हती. हिरव्याचं करडं सर्वांत उजळ, लालचं मध्यम, निळ्याचं सर्वांत गडद. ही खूण फार मोलाची आहे. अँड्रॉइडच्या ग्रेस्केल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे रंगांचं करड्यात रूपांतर करणाऱ्या आकड्यांच्या चौकटीत, लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असं वजन असतं. माणसाच्या डोळ्याला हे रंग कमीजास्त उजळ वाटतात, त्या हिशेबाने ते ठरलेलं आहे. बिघडलेला पॅनेल इतका नेटका हिशेब करू शकत नाही. पॅनेल खराब झाला तर एखादा रंग नाहीसा होईल, पट्टे येतील, एक बाजू गुलाबी होईल. पण सगळे रंग या प्रमाणात करडे झाले असतील तर ते काम सॉफ्टवेअरचंच. कॉम्बोचा प्रश्न, निदान या तक्रारीपुरता, इथे मिटला.

खात्रीसाठी आणखी दोन सोप्या चाचण्या. कृष्णधवल स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून लॅपटॉपवर पाहिला, तर तो पूर्ण रंगीत होता. स्क्रीनशॉटसाठी थर वेगळे रचले जातात आणि स्क्रीनवर शेवटी लागणारं मॅट्रिक्स त्यात येत नाही. म्हणून स्क्रीनशॉटमध्येही रंग चुकलेले असतील तर दोष ॲपचा, थीमचा, ग्राफिक्सचा किंवा स्क्रीनवर पसरलेल्या एखाद्या फिल्टर ॲपच्या थराचा. आणि स्क्रीनशॉट चांगला असेल तर मॅट्रिक्स किंवा त्याच्या पुढचा भाग. मग फोन रीस्टार्ट करून कंपनीचा अगदी पहिला लोगो पाहिला. त्या वेळी अँड्रॉइड सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे कुठलंही मॅट्रिक्स लागत नाही. लोगो रंगीत आला. या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी: अँड्रॉइडच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये ब्राइटनेस बहुधा ठरलेला आणि बऱ्यापैकी जास्त असतो, म्हणून कमी ब्राइटनेसला येणारी हिरवट छटा तिथे दिसणार नाही. ती नाही दिसली म्हणजे पॅनेल निर्दोष असा अर्थ काढता येत नाही.

(सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश टाकलं की हार्डवेअर चाचणीचा मेनू उघडतो आणि लाल-हिरवा-निळा पडदा तिथेच मिळतो. शाओमीच्या फोनमध्ये स्टार-हॅश-स्टार-हॅश, ६४८४, हॅश-स्टार-हॅश-स्टार. हे पडदेही अँड्रॉइडच्या आतच चालतात, त्यामुळे बूट लोगोच्या चाचणीला तो पर्याय नाही.)

आता सेटिंग्ज. रंग बदलणारी बटणं एका जागी नसतात, हीच मोठी अडचण. नाइट लाइट आणि कलर मोड डिस्प्लेमध्ये, कलर करेक्शन, कलर इन्व्हर्जन आणि एक्स्ट्रा डिम ॲक्सेसिबिलिटीमध्ये, बेडटाइम मोड डिजिटल वेलबीइंगमध्ये, आणि 'सिम्युलेट कलर स्पेस' डेव्हलपर ऑप्शन्समध्ये. काही कंपन्यांचा रीडिंग मोड किंवा आय कम्फर्ट शील्ड आणखी निराळा. आतमध्ये मात्र हे सगळं मुख्यतः एकाच ठिकाणी जमतं. अँड्रॉइड १० पासून कलर डिस्प्ले सर्व्हिस हे काम पाहते आणि प्रत्येक फेरफाराला एक पातळी असते: नाइट लाइट १००, डिस्प्ले व्हाइट बॅलन्स १२५, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) १५०, ग्रेस्केल २००, एक्स्ट्रा डिम २५०, कलर इन्व्हर्जन ३००. प्रत्येकाचं चार बाय चारचं मॅट्रिक्स असतं. पातळीच्या क्रमाने त्यांचा गुणाकार होऊन एकच मॅट्रिक्स सरफेसफ्लिंगरला मिळतं. म्हणून दोन-तीन गोष्टी एकदम चालू असल्या की स्क्रीनकडे बघून त्या वेगळ्या काढणं अशक्य होतं.

इथून पुढे लॅपटॉप आणि डेटाची केबल लागते. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, आणि यात बराच वेळ वाया जातो. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डीबगिंग चालू केलं, लॅपटॉपवर गूगलच्या प्लॅटफॉर्म टूल्समधलं एडीबी, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं साधन, ठेवलं. शाओमीच्या फोनवर यूएसबी डीबगिंगखालचा 'सिक्युरिटी सेटिंग्ज'चा वेगळा स्विचही लागतो. तो नसेल तर नोंदी वाचता येतात, बदलता येत नाहीत. कमांडची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत आणि नोंदींच्या नावातले शब्द अंडरस्कोरने जोडून लिहायची.

काहीही बदलण्याआधी 'एडीबी शेल सेटिंग्ज लिस्ट' ही कमांड सिक्युअर, सिस्टीम आणि ग्लोबल या तिन्ही याद्यांसाठी चालवून तीन फाइली जतन केल्या. रंग नीट असताना एकदा आणि बिघडल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही संच शेजारी ठेवून तुलना केली की बदललेल्या ओळी समोर येतात. या फोनमध्ये शेकडो नोंदींपैकी रंगाशी संबंधित दोनच बदलल्या होत्या: 'ॲक्सेसिबिलिटी डिस्प्ले डाल्टोनायझर एनेबल्ड' शून्यावरून १ झाली होती आणि 'ॲक्सेसिबिलिटी डिस्प्ले डाल्टोनायझर' १२ वरून ० झाली होती. डाल्टोनायझर हे कलर करेक्शनचं आतलं नाव. दुसऱ्या नोंदीतला आकडा फसवतो. इथे शून्य म्हणजे 'बंद' नव्हे, शून्य म्हणजे कृष्णधवल. ११, १२ आणि १३ हे अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या दृष्टिदोषासाठीची दुरुस्ती. बंद म्हणजे उणे १. नीट न वाचता 'बंद करू या' म्हणून इथे शून्य लिहिलं की आपणच फोन कृष्णधवल करून ठेवतो.

नोंद कोणी बदलली हे 'डम्पसिस सेटिंग्ज' ही कमांड सांगते. तिच्या निकालात प्रत्येक नोंदीसमोर ती शेवटी लिहिणाऱ्या पॅकेजचं नाव असतं. सेटिंग्ज ॲपमधून हाताने बदल केला असता तर त्याचं पॅकेज दिसलं असतं, एडीबीमधून केला असता तर शेलचं. इथे तिसऱ्याच एका ऑटोमेशन ॲपचं नाव निघालं. रात्री आठनंतर स्क्रीन कृष्णधवल करण्याचा नियम त्यात कधीतरी लावला होता आणि विसरला गेला होता. साध्या ॲपला या यादीत लिहिता येत नाही. 'राइट सिक्युअर सेटिंग्ज' ही परवानगी लॅपटॉपवरून मुद्दाम द्यावी लागते, आणि 'डम्पसिस पॅकेज' पाहिल्यावर ती दिलेली होती. म्हणूनच कलर करेक्शन हाताने बंद केलं की रंग यायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जायचे.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी 'पीएम रिव्होक'ने परवानगी काढली, मग एनेबल्डची नोंद शून्य केली, आणि शेवटी ॲप काढलं. नुसतं ॲप काढून भागत नाही: ॲप गेलं तरी त्याने लिहिलेली किंमत यादीत तशीच राहते आणि स्क्रीन कायमची करडी होऊन बसते. फॅक्टरी रीसेटचंही तसंच. डाल्टोनायझरच्या नोंदी गूगल बॅकअपमध्ये जातात. त्या चालू असताना बॅकअप झाला असेल, तर रीसेटनंतर तो परत घेताच त्या परत येतात, आणि मग 'रीसेट करूनही गेलं नाही म्हणजे हार्डवेअरच' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कितीतरी चांगल्या स्क्रीन याच निष्कर्षापायी बदलल्या जातात.

स्क्रीन करडी आहे पण डाल्टोनायझर बंद आहे, असंही घडतं. तेव्हा 'डम्पसिस कलर डिस्प्ले' पाहावं. नाइट लाइट चालू आहे का, त्याचं रंगतापमान किती, ग्लोबल सॅच्युरेशन लागू आहे का, कलर मोड कुठला, हे सगळं तिथे एकत्र मिळतं. सॅच्युरेशनची वाट ग्रेस्केलपेक्षा वेगळी आहे. ती किंमत सेटिंग्जच्या यादीत लिहिली जात नाही, मेमरीतच राहते. त्यामुळे कलर करेक्शनचं बटण बंद दिसतं आणि स्क्रीन तरी करडी. अँड्रॉइड १५ मधल्या मोड्सचा ग्रेस्केल याच वाटेने येतो. रीस्टार्टनंतर रंग परतले आणि ठरलेल्या वेळी पुन्हा गेले, तर आधी मोड्स आणि वेळापत्रकं तपासावीत. तात्पुरता उपाय म्हणून 'सीएमडी कलर डिस्प्ले सेट-सॅच्युरेशन १००' चालते. रंग करडे नसून फक्त फिके किंवा भडक वाटत असतील तर कलर मोडचा आकडा पाहावा: ० नॅचरल, १ बूस्टेड, २ सॅच्युरेटेड, ३ ऑटोमॅटिक, २५६ पासून पुढचे कंपनीचे स्वतःचे. नॅचरल मोड एसआरजीबी हे रंगांचं प्रमाणित माप पाळतो, आणि भडक रंगांची सवय झालेल्या डोळ्याला तो बिघाडच वाटतो. २०१७ मध्ये पिक्सेल २ एक्सएलबद्दल फिक्या रंगांच्या इतक्या तक्रारी झाल्या की गूगलने अपडेटमधून सॅच्युरेटेड मोड दिला. त्या तक्रारीपुरता पॅनेल बदलायचं कारण नव्हतं.

तिसरी तक्रार, काळी पडणारी स्क्रीन, खऱ्या अर्थाने प्रोसेस कोसळण्याची होती. पहिला प्रश्न असा की फोन पूर्ण रीस्टार्ट होतो की नुसतं अँड्रॉइड. सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मधला अपटाइम लिहून ठेवला, व्हिडिओ लावून फोन पाडला, पुन्हा पाहिलं. अपटाइम पुढेच चालला होता, म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) जिवंत होता आणि वरचा थर पडला होता. कंपनीचा पहिला लोगो न येता थेट बूट ॲनिमेशन येणं हीही त्याचीच खूण. मग 'पिडऑफ'ने सरफेसफ्लिंगर आणि सिस्टीम सर्व्हर (अँड्रॉइडच्या मुख्य सेवा चालवणारी प्रोसेस) या दोन प्रोसेसचे क्रमांक आधी आणि नंतर पाहिले. दोन्ही बदलले होते. पण दोन्ही बदलले म्हणून दोष त्यांचाच असं नाही. कंपोझरची सेवा पडली की तिच्याबरोबर सरफेसफ्लिंगर पुन्हा सुरू केला जातो, आणि तो पडला की झायगोट (ॲप्स जिच्यातून सुरू होतात ती प्रोसेस) व त्याच्या पोटातली सगळी ॲप्स. साखळीतलं सर्वांत खालचं, सर्वांत आधी पडलेलं नाव शोधायचं असतं. 'लॉगकॅट' ही नोंदी दाखवणारी कमांड क्रॅश बफरवर, म्हणजे कोसळण्याच्या नोंदींवर, चालवून वेळेनुसार पहिली नोंद काढली, तर ती कंपोझरच्या सेवेची निघाली. सिस्टीम सर्व्हरच्या ओळी त्यानंतरच्या होत्या. नुसत्या शेवटच्या ओळी वाचल्या असत्या तर अँड्रॉइडवर आळ आला असता.

पडताळणीसाठी डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज' चालू केलं. ओव्हरले म्हणजे डिस्प्ले प्रोसेसर थेट रचतो तो थर. हा स्विच चालू असला की थर रचण्याचं काम डिस्प्ले प्रोसेसरऐवजी जीपीयू करतो. फोन पाडणारा व्हिडिओ एचडीआरचा (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेला) होता. तोच पुन्हा लावला, फोन पडला नाही. म्हणजे दोष एचडीआरचा थर ओव्हरलेवर टाकतानाच्या कंपनीच्या कोडमध्ये होता. हा स्विच कायमचा उपाय नाही: रीस्टार्ट झाला की तो बंद होतो आणि चालू असताना बॅटरी जास्त खातो. फोनला एक सिस्टीम अपडेट बाकी होतं. ते टाकल्यावर स्विच बंद ठेवूनही व्हिडिओ चालले. अपडेट नसतं तर बग रिपोर्ट काढून कंपनीला पाठवणं आणि तोवर व्हिडिओ ॲपमध्ये एचडीआर टाळणं एवढंच हाती होतं.

याच स्विचचा आणखी एक उपयोग आहे. फक्त व्हिडिओच धुरकट, काळ्याऐवजी करडा दिसत असेल आणि ओव्हरलेज बंद केल्यावर तो नीट होत असेल, तर बहुतेक वेळा रेंजचा घोळ असतो. व्हिडिओत आठ बिटांचा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, स्क्रीनला ० ते २५५ लागतं. हे रूपांतर ओव्हरलेवर राहून गेलं की काळा करडा होतो.

राहिली हिरवट छटा. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं डोळे स्थिरावू दिले, नाइट लाइट बंद, ब्राइटनेस अगदी खाली. १३ आणि २६ पातळीचं करडं स्पष्ट हिरवट, ५१ जेमतेम, १२८ स्वच्छ. स्क्रीनशॉट निर्दोष, 'डम्पसिस सरफेसफ्लिंगर'मधलं मॅट्रिक्स कोरं, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी ०. सॉफ्टवेअरचा फेरफार काहीच नाही. मग 'शो रिफ्रेश रेट' चालू ठेवून १२० वरून ६० हर्ट्झवर आणलं आणि हिरवट छटा जवळपास नाहीशी झाली.

कारण असं. बहुतेक ॲमोलेड पॅनेलमध्ये हिरवे उपपिक्सेल लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, आणि अगदी कमी प्रवाहावर तिन्ही रंगांची प्रकाश देणारी द्रव्यं सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत. ती तफावत ड्रायव्हर चिपमधली गॅमा सारणी, म्हणजे कुठल्या पातळीला किती व्होल्टेज याचा तक्ता, भरून काढते. प्रत्येक रिफ्रेश रेटला पिक्सेल भरायला मिळणारा वेळ वेगळा, म्हणून सारणीही वेगळी. १२० ला वेळ निम्मा, आणि खालच्या पातळ्यांची बसवणी तिथे ढिली राहिली तर करड्यात हिरवं उरतं. एकाच दराला दोष दिसणं ही सारणीची खूण. दोन्ही दरांना, सगळ्या ब्राइटनेसला आणि बूट लोगोतही छटा दिसत असेल तर पॅनेल किंवा जोडणी. फोन वाकवल्यावर किंवा कनेक्टरच्या जागी हलकं दाबल्यावर रंग बदलत असेल तर जोडणीच. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर गंज चढलेला बऱ्याचदा सापडतो. बॅटरी सोडवून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो निघतो. या फोनचा मामला सारणीचा होता, म्हणून तो उघडलाच नाही. रात्री ठरलेल्या वेळी ६० हर्ट्झ करण्याची सोय फोनमध्येच होती, ती लावली आणि ब्राइटनेसची खालची पातळी किंचित वर ठेवली. सारणी बदलणं फक्त कंपनीच्या अपडेटच्या हातात आहे.

स्क्रीन आधीच एकदा बदललेली असेल तर हिशेब वेगळा. पॅनेलची बसवणी कारखान्यात त्या-त्या पॅनेलपुरती केलेली असते. बाजारातला कॉम्बो ती घेऊन येत नाही. बऱ्याच आयफोनमध्ये जुन्या स्क्रीनची माहिती नव्या स्क्रीनवर उतरवली नाही तर ट्रू टोनचं (खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याचं) बटणच नाहीसं होतं. ॲमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी बसवलेला असेल तर पूर्ण काळं चित्र अंधारात लावून पाहावं. ॲमोलेडचा काळा विझलेला असतो, एलसीडीचा मंद उजळलेला. आणि अपडेटनंतर उभी हिरवी रेघ आली असेल तर वरचं काहीही करत बसू नये. तिथे बहुतेक वेळा पॅनेलच्या कडेची जोडणी निसटलेली असते आणि ती घरी किंवा साध्या दुकानात सांधता येत नाही. आधी सेवा केंद्रात विचारावं. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलांना या रेघेसाठी मोफत स्क्रीन बदलून दिलेली आहे, वॉरंटी संपल्यावरसुद्धा.

फोन परत देण्याआधी दोन संध्याकाळी आठनंतर तिन्ही याद्या पुन्हा काढल्या. डाल्टोनायझरची एनेबल्ड नोंद दोन्ही वेळा शून्य होती आणि सरफेसफ्लिंगरचा प्रोसेस क्रमांक बदलला नव्हता.